डावा पाय

चुन्याच्या फक्कीची रेघ दुसऱ्यांदा वाकडी गेली तेव्हा निशिगंधाने हातातला डबा खाली ठेवला आणि बुटाच्या टाचेने ती पुसून टाकली. दोरी ताणलेली होती, खुंट्या पक्क्या होत्या, वाकडं जायला काही कारणच नव्हतं. सकाळचे नऊ वाजले होते, अंतिम सामना चारला होता, आणि वीस वर्षं मैदान आखणाऱ्या या बाईला आज कबड्डीची एक मध्यरेषा सरळ मारता येत नव्हती.

चौगले सर असते तर म्हणाले असते, "विषुववृत्त आहे ते, नीट मार."

सर हायस्कुलात भूगोल शिकवायचे आणि उरलेला सगळा वेळ या मैदानावर असायचे. त्यांच्या लेखी मध्यरेषा म्हणजे विषुववृत्त, मैदानाचे कोपरे म्हणजे ईशान्य आणि नैर्ऋत्य. मुलींनी हाफ पँट घालून खेळणं म्हणजे कसबा बावड्यात भलतंच काहीतरी होतं, त्या काळात ते सायकलवरून घरोघर जायचे, उंबऱ्यात बसून चहा घ्यायचे आणि बापाची सही घेऊनच उठायचे. त्यांच्या पोरी पुढे पोलिसात गेल्या, एस.टी.त कंडक्टर झाल्या, दोघी-तिघींनी कोर्टात काळा कोट घातला. एक निशिगंधा तेवढी याच शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून परत आली. सर जाऊन आज वर्ष झालं होतं आणि त्यांच्या नावाच्या पहिल्या स्मृती चषकाचा आज शेवटचा दिवस होता.

"निशिगंधा, वर बघ की जरा!"

बाळासो फाटकातून ओरडत आला. तो तिच्या दोन वर्षं पुढे होता, सरांच्या हाताखाली मुलांच्या संघात खेळलेला. आता त्याचं सिमेंट-सळीचं दुकान होतं आणि गावातली कुठलीही समिती त्याच्याशिवाय होत नसे. त्याच्यामागे चौघे जण शिडीवर चढून स्टेजच्या मागे फ्लेक्स बांधत होते. फ्लेक्स उलगडत खाली आला आणि निशिगंधाने मान फिरवली.

त्यावर काय आहे हे तिला माहीत होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी एका वर्तमानपत्रात आलेला फोटो होता तो. सर गुडघ्यावर बसलेत, समोर बाकावर दोन वेण्या घातलेली मुलगी, आणि सर तिच्या डाव्या घोट्याला पट्टी बांधतायत. मुलीचा चेहरा रडवेला आहे. चषकावरही हेच दृश्य पितळेत कोरून घेतलं होतं.

"वीस बाय दहा!" बाळासो म्हणाला. "आता ऐक. साडेतीनला भाषणं. मी दोन मिनिटं, मुख्याध्यापक दोन मिनिटं. मग तू. पायाचा किस्सा तूच सांगायचा."

"मी दुसरं काहीतरी सांगते."

"दुसरं काय सांगतीस? लोक त्याच्यासाठी यायला लागल्यात. विभागाची फायनल, हुकमी चढाईपटू बाहेर बसवली, कप घालवला, पण पोरीचा पाय मोडू दिला न्हाय. असा मास्तर आता कुठं बघायला मिळतोय सांग मला."

बोलता बोलता त्याचा आवाज भरून आला. नाटक नव्हतं ते. बाळासो मनापासून रडका माणूस होता, आणि म्हणूनच त्याच्यावर चिडताही येत नसे.

"बघू," निशिगंधा म्हणाली आणि डबा उचलला.

"बघू न्हाय, सांगायचंच. आणि आज क्रांतीला म्हणावं, चढाईत फाड सगळ्यांना. सरांच्या पहिल्या चषकावर नाव आपल्याच शाळेचं पडायला पाहिजे."

तो साउंडवाल्याकडे गेला. निशिगंधाने तिसऱ्यांदा रेघ मारायला घेतली.

तिचा पाय कधी मुरगळलाच नव्हता. ना डावा, ना उजवा. अठ्ठावीस वर्षं हे दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला एक आता राहिला नव्हता.

त्या दिवशी सामन्याला अर्धा तास असताना सरांनी तिला खेळाच्या खोलीत बोलावलं होतं. दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "तुझा जन्म जूनचा नाही." शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट एक जून लिहायचे, अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी यायचा, त्यात कुणाला काही वाटत नसे. ती खरी जन्मली होती त्याच्या आदल्या वर्षी, दिवाळीनंतर, साखर कारखान्याचा नवा बॉयलर पहिल्यांदा पेटला त्या दिवशी. तिचे वडील कारखान्यातच कामाला होते, त्यामुळे घरात ही तारीख सगळ्यांना पाठ होती. त्या तारखेने ती वयोगटाच्या बाहेर जात होती. दोन महिन्यांनी.

"कागदावर बसतो की मी, सर!" ती म्हणाली होती.

"काल संध्याकाळपर्यंत बसत होतीस."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मला कळलं."

तेवढंच. मग त्यांनी कपाटातून पट्टी काढली आणि विचारलं, "कुठला पाय?" तिला काही समजेना. त्यांनीच डावा पाय पुढे ओढला आणि धडधाकट घोट्याभोवती पट्टी गुंडाळली. मग तिला बाहेर नेऊन बाकावर बसवलं, पट्टी सैल झाली म्हणून सगळ्यांसमक्ष पुन्हा आवळली. तेव्हाच कुणीतरी तो फोटो काढला. सर खालच्या आवाजात एवढंच म्हणाले होते, "लंगडायचं. पण नाटक नको."

संघ दोन गुणांनी हरला. त्यानंतर पंधरा दिवस आई तिच्या घोट्याला हळद-तेल चोळत होती. आणि सर रोज संध्याकाळी घरी यायचे, पायाची चौकशी करायचे, आईच्या हातचा चहा घ्यायचे. निशिगंधाला तेव्हा वाटायचं, हा माणूस माझी थट्टा करायला येतो. आपलं आणि शाळेचं नाव खराब होऊ नये म्हणून यांनी ही पट्टी बांधली आणि वर चांगुलपणाही पदरात पाडून घेतला, असं ती धरून बसली. चुगली कुणी केली, याचा तिने किती वर्षं शोध घेतला. ऑफिसातला माणूस, शेजारची मैत्रीण, पलीकडच्या गल्लीतल्या पोरी, अर्ध्या बावड्यावर तिचा संशय होता. आपण सरांच्या जागी असतो तर खेळवलं असतं, हे मात्र तिने स्वतःशी पक्कं केलं होतं.

दवाखान्यात शेवटचं भेटायला गेली तेव्हा सरांनी डोळे उघडून विचारलं होतं, "पाय बरा आहे?" ती तशीच उठून आली होती. चौथ्या दिवशी सर गेले. तेव्हापासून तिला रात्री नीट झोप नव्हती, आणि हे ती कुणाला सांगणार होती?

रेघ एकदाची सरळ आली. तिने दोरी गुंडाळली.

साडेदहाच्या सुमाराला क्रांतीची आई आली. चंदगडहून पहिल्या एस.टी.ने निघाली होती. डोक्यावर पदर, काखेत पिशवी, आणि मैदानावरच्या मंडपाकडे बघत ती फाटकातच थांबून राहिली होती. निशिगंधाने तिला शिक्षकांच्या खोलीत आणून बसवलं, चहा मागवला.

"काजू हाईत बाई, घरचं," म्हणत तिने आधी पिशवीतलं गाठोडं टेबलावर ठेवलं. मग प्लॅस्टिकची एक फाइल काढली. "आणि ही कागदं. क्रांती म्हणली, पुण्याचं साहेब येणार हाईत, समदी कागदं घेऊन ये. मला काय वाचाय येत न्हाय. जे होतं ते समदं घालून आणलंय."

पुण्याच्या क्रीडा वसतिगृहासाठी निवड करणारे दोघे जण आज सामना बघायला येणार होते. क्रांतीसारखी चढाई करणारी मुलगी निशिगंधाने गेल्या दहा वर्षांत पाहिली नव्हती. तीन वर्षांपूर्वी मामाकडे शिकायला म्हणून ती बावड्यात आली, आणि पहिल्याच दिवशी एका दमात चौघींना हात लावून परत गेली. मुलगी वसतिगृहात गेली तर पुढचं सगळं मोकळं होतं.

निशिगंधा फाइल चाळू लागली. रेशन कार्ड, आधार, शाळेचा दाखला. जन्मतारीख एक जून. तिला उगाच हसू आलं. आजकाल कुणाची ही तारीख सापडत नाही.

"दवाखान्यात नाही झाली का ही?"

"कुठला दवाखाना बाई! जंगलाच्या कडंला आमचं घर." आईने बशी खाली ठेवली. तिचा चेहरा एकदम खुलला. "हत्ती आला त्या दिवशी झाली ही. रातभर ते जनावर परड्यात केळी मोडतंय, आणि हिकडं मला कळा. ह्यो एवढा आवाज! सासू म्हणली, वरडू नको, हत्ती घरात येईल. मी तोंडात पदर घातला आणि गप. उजाडलं, हत्ती गेला आणि ही आली. म्हणून तर एवढी दांडगी हाय."

ती हसली. ही गोष्ट तिने शंभरदा सांगितली असणार, प्रत्येक वाक्य घासून गुळगुळीत झालेलं होतं.

"खोटं न्हाय बाई. त्याचा कागद बी हाय. फॉरेस्टवाल्यांनी लिवून दिलेला. त्यात बघा, शेवटला."

शेवटचा कागद पिवळा पडला होता. घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेली. पंचनामा. केळीची झाडं इतकी, कुंपण इतकं, दिनांक अठरा नोव्हेंबर रोजी पहाटे हत्तीने नुकसान केले. साल दाखल्यावरच्या सालाच्या आदलं.

या गटात दाखल्यावरच्या सालातल्या एक जानेवारीच्या आधी जन्मलेल्या मुलीला खेळता येत नव्हतं. दीड महिना.

निशिगंधाने कागद होता तसा घातला, फाइल बंद केली आणि परत दिली.

"ठेवा नीट," ती म्हणाली. "हे त्यांना दाखवायची गरज नाही."

"बरं केळी तरी मोडली," आई म्हणाली. "न्हायतर तारीख कुणाच्या ध्यानात ऱ्हायली असती?"

त्यानंतरचे तीन तास निशिगंधा एका जागी बसली नाही. मैदानाची मापं पुन्हा घेतली. खुर्च्यांच्या ओळी सरळ करवल्या, पाण्याचे जार सावलीत हलवले, मग कुणीतरी ते पुन्हा उन्हात का ठेवले म्हणून दोन मुलींवर खेकसली. कारखान्याची चिमणी धूर सोडत होती आणि मळीचा वास मैदानभर पसरला होता. दीड महिना म्हणजे काय असतं? सहा-सात आठवडे. त्याने कुणाचा दंड वाढतो का, कुणाचा श्वास लांबतो का? पुण्याचे लोक दाखला बघणार, दाखल्यावर जून आहे. पंचनामा वाचणारी ती एकटी. आणि तिने तो वाचलाच नसता तर? आईने काजू दिले असते, चहा घेतला असता आणि ती गप्प बसली असती तर?

पण वाचला होता. तिला स्वतःचाच राग येत होता, फाइल शेवटपर्यंत चाळली म्हणून.

बाराच्या सुमाराला राधानगरीचा संघ टेम्पोतून उतरला. एक सावळी, किडकिडीत मुलगी लगेच बूट काढून मैदानात गेली, आणि मध्यरेषेवर पाय न पडू देता इकडून तिकडे उड्या मारून बघू लागली. ती त्यांची चढाईपटू होती. तिचे गुडघे खरवडलेले होते. निशिगंधा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग बाळासोने हाक मारली म्हणून निघून गेली.

अडीचला मंडप भरू लागला. चिमणाबाई, निशिगंधाची आई, नातवाच्या गाडीवरून आली. शहात्तर वर्षांची बाई, कडक इस्त्रीचं लुगडं नेसून. खाली उतरताच तिने पहिलं विचारलं, "पाय कसा हाय गं? सकाळपासनं उभी असशील. थंडीचं दुखतंय न्हवं?"

"नाही दुखत."

"तू काय सांगतीस. मी काय बघितला न्हाय व्हय तो पाय."

बाळासोने तिला पहिल्या ओळीत नेऊन बसवलं आणि शेजारच्या खुर्चीवर क्रांतीच्या आईला. "ह्या मावशी चंदगडच्या. आपल्या क्रांतीच्या आई." दोघींनी एकमेकींकडे मान हलवली. चहाचे कागदी कप आले.

निशिगंधा समोरच्या बाजूला, गुणफलकापाशी संघाची यादी हातात घेऊन उभी होती. सात नावं लिहून द्यायची होती. सहा लिहून झाली होती. तिने पेन झटकलं, पुन्हा टोपण लावलं, पुन्हा काढलं. स्पीकरवर गाणं लागलं होतं, त्यामुळे पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. दिसत मात्र होतं.

क्रांतीच्या आईने उजवा हात कोपरापासून वर उचलला आणि डोलवला. सोंड. मग तोंडात पदराचं टोक धरलं. चिमणाबाई तोंडावर हात ठेवून हसली, तिच्या गुडघ्यावर थाप मारली. मग तिने चहाचा एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि आपला हात वर केला. बोटं मिटलेली, मग एकदम उघडलेली, वर वर जाणारी. चिमणी. पहिला धूर.

निशिगंधाला तो हात लहानपणापासून माहीत होता. आता आई म्हणत असणार, भोंगा झाला, बॉयलर पेटला आणि माझी पोरगी पहिल्यांदा रडली. घरी कुणी नवीन माणूस चहाला बसलं की आई ही गोष्ट सांगायचीच. टेलर असो, गॅसवाला असो. चहा संपायच्या आत चिमणीतून धूर निघायचा.

आणि सर त्या संध्याकाळी चहाला आले होते.

सामन्याच्या आदल्या दिवशी, अर्जावर वडिलांची सही घ्यायला. ती स्वतः आत वेणी घालत बसली होती. बाहेर आईचा हसण्याचा आवाज आला होता, आणि सरांच्या कपाचा बशीवर टेकल्याचा. काल संध्याकाळपर्यंत बसत होतीस.

तिने पेनाचं टोपण लावलं. अर्ध्या बावड्यावर संशय घेतला होता तिने. आणि सरांनी चुगलखोराचं नाव शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सोळा वर्षांच्या निशिगंधाने घरी जाऊन काय केलं असतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. आईला तिने पुन्हा कधी हात वर करून धूर काढू दिला नसता. पंधरा दिवस सर पायाची चौकशी करायला येत नव्हते. आई हसतेय ना, एवढंच बघायला येत होते. गुणफलकाच्या मागे जाऊन ती दोन मिनिटं उभी राहिली.

मग तिने क्रांतीला हाक मारली.

खेळाच्या खोलीत चेंडूंची जाळी, मोडक्या कवायतीच्या काठ्या आणि ते जुनं लाकडी कपाट होतं. क्रांती आत आली ती उड्या मारतच. अंग तापवून आली होती, कपाळावर घाम होता.

"दार लोट," निशिगंधा म्हणाली. "बस."

"बाई, पुण्याचं सर आल्यात. मी बघितलं."

"क्रांती, तू आज खेळायचं नाहीस."

मुलगी हसली. बाई कधी कधी अशी फिरकी घेत. मग तिचं हसू गेलं.

"तुझा जन्म जूनचा नाही. तू या गटात बसत नाहीस."

"कागदावर बसतो की, बाई!"

निशिगंधाने हातातल्या यादीची घडी घातली.

"आज सकाळपर्यंत बसत होतीस."

"कुणी सांगितलं?" क्रांती उठून उभी राहिली. "कुणी सांगितलं तुम्हाला? त्या राधानगरीवाल्यांनी? नाव सांगा बाई, मी बघतो त्याला. कुणी सांगितलं?"

बाहेर गाणं थांबलं होतं. बाळासो माइकवरून पाहुण्यांना नमस्कार करत होता आणि कुठेतरी पुढच्या ओळीत दोन बायका अजून हसत होत्या.

"मला कळलं," निशिगंधा म्हणाली.

क्रांती खाली बसली. आधी रडली नाही. मग रडली. हाताच्या पाठीने नाक पुसत, मोठ्याने, लाज न धरता. निशिगंधाला तिला पोटाशी धरावंसं वाटलं, पण सरांनी धरलं नव्हतं आणि ते बरंच झालं होतं. धरलं असतं तर तिने त्यांना ढकलून दिलं असतं.

"पुढच्या महिन्यात मोठ्या गटाचे सामने आहेत," ती म्हणाली. "तिथे खेळ. पुण्याच्या लोकांना मी स्वतः सांगते, तिथे बघायला या म्हणून. नाही आले तर तुला घेऊन मी पुण्याला जाईन."

"मला नको काय."

"बरं."

निशिगंधा कपाटापाशी गेली. पट्ट्यांचा डबा दुसऱ्या फळीवर होता. तिने एक नवी पट्टी फोडली आणि मुलीच्या समोर गुडघ्यावर बसली. तिच्या पंचेचाळिशीतल्या गुडघ्यांनी कुरकुर केली.

"कुठला पाय?"

क्रांती तिच्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत काही समजल्याची खूण नव्हती, नुसता राग होता. निशिगंधाने हात पुढे केला आणि डावा पाय आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"बाहेर गेल्यावर लंगडायचं," ती म्हणाली. "पण नाटक नको."

दोघी बाहेर आल्या तेव्हा आधी कुणाचं लक्ष गेलं नाही. मग बाळासोचं गेलं. तो माइक तसाच सोडून धावत आला. "काय झालं? कुठं पडली? आता गं, आजच?" त्याच्या डोळ्यांत लगेच पाणी. त्याने क्रांतीच्या घोट्यावरची पट्टी बघितली, मागचा फ्लेक्स बघितला, पुन्हा पट्टी बघितली. त्याने नुसतं निशिगंधाच्या खांद्यावर हात ठेवला.

क्रांतीची आई पुढच्या ओळीतून पदर सावरत आली. मुलीला खुर्चीवर बसवून तिचा पाय मांडीवर घेतला आणि काही न विचारता चोळायला लागली. क्रांतीने पाय मागे ओढायचा प्रयत्न केला.

"अगं चोळू दे की," चिमणाबाई म्हणाली. ती खुर्चीवरून अर्धी उठली होती. "असा न्हाय चोळायचा. घरी गेल्यावर हळद आणि तेल गरम करायचं, ह्यो असा खालनं वर हात न्यायचा. माझ्या पोरीला पंधरा दिवस केलं. बघा आता, दिवसभर उभी ऱ्हाती."

"पंधरा दिवस?"

"पंधरा दिवस. कटाळायचं न्हाय."

क्रांतीची आई मन लावून ऐकत होती. क्रांतीने मान वर करून निशिगंधाकडे बघितलं. ती नजर निशिगंधाच्या ओळखीची होती. किती वर्षं टिकते तेही तिला माहीत होतं. तिने यादीवर सातवं नाव लिहिलं, बाकावरच्या मुलीचं, आणि पंचांकडे दिलं.

मुख्याध्यापकांचं बोलून झालं. बाळासोने माइक हातात घेतला, घसा साफ केला, आणि निशिगंधाकडे बघून जरा घुटमळला. सकाळी ती नको म्हणाली होती, ते त्याला आठवलं असावं.

"आता... निशिगंधा बाई दोन शब्द बोलतील. त्यांची इच्छा असली तर."

ती स्टेजवर चढली. समोर मैदानावर तिने आखलेली पांढरी रेघ उन्हात सरळ दिसत होती. पहिल्या ओळीत तिच्या आईने अंग सावरून पदर नीट केला आणि शेजारणीला कोपराने ढोसलं, ऐका आता. शेजारणीने लेकीचा पाय मांडीवरून खाली ठेवला नाही. लेक दुसरीकडे बघत होती.

निशिगंधाने माइक तोंडाजवळ धरला.

"माझा डावा पाय मुरगळला होता," ती म्हणाली.